नावाडणीचं पुढं काय झालं

मला राग लवकर येतो आन् आला की लवकर बसत नाय. आमच्या मेंढरांच्या वाड्यावरची कुत्रीसुद्धा मपला आवाज वळखून शेपूट घालायची. पण गेलं दीड साल जो राग पोटात घेऊन मी फिरले, तसला आदी कधी आला नव्हता. एक बाई नदीच्या काठाला वल्हं धरून हुबी हाय, समोर पुलाचं काम सुरू झालंय, आन् तिचं पुढं काय झालं ते मला ठावं नाय. मग राग येणार नाय तर काय येईल?

बाई पुस्तकातली. गोदू तिचं नाव. नाव चालवायची, ह्या काठचे लोक त्या काठाला न्यायची. नवरा पुरात गेलेला, सासरच्यांनी वाऱ्यावर सोडलेली, तरी कुणापुढं हात पसरला नाय बाईनं. लई पाणीदार. आन् हे समदं मला कसं ठावं, तर आमच्या म्हाताऱ्यानं वाचून दाखवलेलं.

आमचं म्हातारं म्हंजी मुंजाबा, मपला नवरा. चौथी शिकलेलं. मी बानाबाई, मला मपलं नाव लिवता येत नाय. लगीन झाल्यापासून आमी मेंढरामागं फिरलो. सांजच्याला वाघूर, म्हंजी मेंढरांभोवतीचं जाळं, ठोकून झालं की मी चुलीवर भाकरी थापायची आन् म्हातारं चुलीच्या उजेडाला बसून वाचायचं. फुलंब्रीच्या अलीकडं एका गावात सखाराम मास्तरचं वाचनालय होतं, एका खोलीचं. बाकीच्यांना मास्तर आठ दिवसाला पुस्तक मागायचा, आमाला म्हणायचा, "फिरून आले की आणा." लई देवमाणूस.

आमचा दोघांचा नियम एकच. एकट्यानं पुढं वाचायचं नाय. घरचं माणूस रानातून यायचं असलं तर आपुण आदी ताटावर बसतो का? नाय बसत. तसंच. म्हातारं दुपारच्याला मेंढरं बसली की पुस्तक हातात घ्यायचं, चाळायचं, पण मी आल्याबिगर एक ओळ पुढं जायचं नाय. हे मी मपल्या माहेरी सुद्धा तोऱ्यानं सांगायचे.

मग पाऊस रुसला. एक साल कसंबसं काढलं. दुसऱ्या साली कुणाच्या वावरात धसकट नाय, हिरीत पाणी नाय, मेंढरं चालता चालता खाली बसायला लागली. पाणी इकत घेऊन माणूस पितंय, मेंढराला कुठून पाजायचं? सिल्लोडच्या बाजाराला नेऊन समदी इकली. म्हातारं मेंढरं भरलेल्या गाडीच्या मागं थोडं चालत गेलं आन् मग रस्त्यातच हुबं राह्यलं. मी हाक मारली तरी वळलं नाय.

तवा गोदू तिथंच होती, वल्हं धरून. पुस्तकाची शेवटची थोडी पानं राह्यली होती. मी म्हणलं आज नको, म्हाताऱ्याचं मन थाऱ्यावर नाय. दुसऱ्या दिवशी मास्तरचा निरोप आला, रस्ता रुंद व्हायलाय, वाचनालयाची खोली पाडायलेत, पुस्तकं आणून द्या, पोत्यात भरायची हायेत. म्हातारं गेलं आन् देऊन आलं. मी शिव्या घातल्या रस्त्याला, मुकादमाला, जेसीबीला. आवो, एक दिवस थांबला असता तुमचा रस्ता तर काय आभाळ कोसळणार होतं?

आता आमी शहराच्या बाजूला, फुलंब्री रोडलाच एका साईटीवर ऱ्हातो. म्हातारं वाचमन हाय. ह्याच वावरात आमी मेंढरं बसवायचो खतासाठी, मालक धान्य द्यायचा. आता तिथं चुन्याच्या रेघा मारल्यात, प्लॉट पाडलेत, गेटावर मोठा बोर्ड. बोर्डावर झाडं, कारंजं, पोहायचा हौद. खाली बघाल तर कुसळसुद्धा नाय, पाणी टँकरचं. त्या बोर्डाकडं बघितलं की मपलं टाळकं सणकतं.

म्हातारं गळ्यात शिट्टी घालून पत्र्याच्या खोलीपुढं बसतं. बोलत नाय. "व्हय", "नाय", झालं. मी म्हणलं शहरात काय पुस्तकं कमी हायेत, आणू, वाचा. तर म्हणे, "दिसत नाय." डोळ्याच्या डाक्टरकडं नेलं, चष्मा केला. चष्मा लावून म्हातारं कुंपणापल्याडची शेळी कुणाची ते सांगायचं, पण अक्षर दिसत नाय म्हणायचं. मी म्हणलं असंल बाई, अक्षर बारीकच असतंय मुंगीवानी.

पोराला, आदिनाथला सांगून उपयोग नाय, त्यो दिसभर टँकरवर. पण सून प्रांजली हुशार. क्रांती चौकाकडं एका दुकानात हिशोबाचं काम करती. ती म्हणली, "आत्याबाई, चला, शहरातल्या वाचनालयात विचारू."

तिथं टेबलामागं श्रेया मॅडम म्हणून होत्या. त्यांनी विचारलं, पुस्तकाचं नाव काय? मी म्हणलं, "नाव कुणाला ठावं? निळ्या पुठ्ठ्याचं होतं, मागचा पुठ्ठा उंदरानं खाल्लेला." बाई हासल्या. मला आला राग. म्हणलं, "हासता काय? गोदू नावाडीण हाय त्याच्यात, नवरा पुरात गेलेली, तिच्या नदीवर पूल बांधायलेत." आन् मग मी हुब्याहुब समदी गोष्ट सांगितली, नवरा बुडाला तिथपासून. बाई हासायच्या थांबल्या. टेबलावरच्या मशिनीत खटाखटा शोधलं आन् म्हणल्या, "आहे. पण कागदी नाही, ई-बुक आहे."

म्हंजी पुस्तक हाय पण पुस्तक नाय. सभासद व्हायचं, मशिनीवर घ्यायचं, पंधरा दिवस वाचायचं, मग ते आपसूक परत जातं. मी म्हणलं, "पायानं जातं का?" प्रांजलीनं मला चिमटा काढला.

मोबाइलवर उघडतं म्हणल्या. पण म्हाताऱ्याचा मोबाइल बटनांचा, आन् प्रांजलीचा तिच्यासंगं कामावर जातो. श्रेया मॅडमनं मग ई-रीडर म्हणून यंत्र काढून दाखवलं, पाटीवानी. कागदावर छापल्यागत दिसतं, उन्हात चमकत नाय, एकदा चार्ज केलं की लई दिवस पुरतं, आन् अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येतं. मोठं करता येतं म्हणल्याबरुबर मपलं ठरलं. "हेच पाहिजे," मी म्हणलं, "पण आमाला परवडंल असलं."

बाईनं एक गोष्ट बजावून सांगितली. "स्वस्तातलं घ्या, पण ज्यात आमच्या वाचनालयाचं ॲप बसतं तेच घ्या. काही यंत्रं फक्त स्वतःच्या दुकानाची विकत पुस्तकं उघडतात. विचारून घ्या." प्रांजलीनं ते पाठ केलं आन् सभासदाचा नंबर बी घेतला.

पैसा मेंढराचा होता. इकल्यापासून पेटीत तसाच. म्हातारं त्याला हात लावू देत नव्हतं, सुतक असल्यागत. मी लावला. मेंढरं त्याची तशी मपली बी होती.

दुकान ऋतुराज नावाच्या पोरगेल्या मालकाचं. काचेचं, थंडगार, आमच्या पत्र्यात जेवढी आग तेवढं तिथं गार. त्यानं आदी एक महागडं दाखवलं, त्याच्यावर लिवता बी येतं म्हणे. मी म्हणलं, "मला लिवायचं नाय बाबा, ऐकायचंय." मग एक काळं काढलं, छोटं, स्वस्त. प्रांजलीनं विचारलं, "ह्यात वाचनालयाचं ॲप बसतं का?" तो म्हणला, "सब चलता है ताई." तिनं परत विचारलं, "नक्की? वाचनालयाची पुस्तकं?" तो म्हणला, "अरे बिनधास्त न्या! आजींसाठी एकदम बेस्ट आहे." उचलली जीभ लावली टाळ्याला. पण तवा आमाला काय ठावं?

घरी आलो. प्रांजली म्हणली, "आत्याबाई, आदी चालू करून बघू." मी म्हणलं, "देवाच्या आदी? वेडी का काय?" नवं कोकरू जन्मलं तरी आमी आदी भंडारा लावतो, मग ही तर मेंढराच्या पैशाची चीज. शहराला लागून सातारा गाव हाय, तिथल्या खंडोबाचा भंडारा घेतला, चांगली पाच बोटं हळद ओढली काचेवर, कडेनं, मागून. येळकोट म्हणलं. नारळ फोडला. म्हातारं लांबून बघत होतं.

मग प्रांजलीनं चालू केलं. उघडलं. त्या कंपनीचं दुकान उघडलं, ही पुस्तकं इकत घ्या, ती घ्या. वाचनालयाचं काय बसंना. तिनं लई खटपट केली, श्रेया मॅडमला फोन लावला, आन् मग डोळ्यात पाणी आणून म्हणली, "हे तेच हाय आत्याबाई, जे घेऊ नका म्हणल्या होत्या."

तवा म्हातारं बोललं. दीड सालात पयल्यांदा सलग बोललं. "मेंढरं इकून हे आणलं? कुणी सांगितलं होतं तुला?"

माय गं! बोललं तर काय बोललं! मी म्हणलं, "तुमच्याच डोळ्यासाठी आणलं, दुसऱ्या कुणाच्या नाय!" आन् भाकरी करपली त्या दिवशी, तशीच वाढली.

दुसऱ्या दिवशी प्रांजलीला घेऊन दुकानात गेले. ऋतुराजनं डबी उघडली, यंत्र असं दोन बोटांनी उचललं, मेलेला उंदीर धरल्यागत. "आजी, हे काय? हळद लागलीये. भोकात पण गेलीये. हे परत होणार नाही. वापरलेला माल झाला."

मी म्हणलं, "वापरलेला? आरं पूजा केली!"

"तेच ना. हळद लागली की माल जुना झाला. आम्ही काही करू शकत नाही."

"आन् तू म्हणला होता वाचनालयाचं पुस्तक उघडतंय, त्याचं काय?"

"मी असं बोललोच नाही." वर प्रांजलीकडं बघून म्हणतो, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, विचारून घ्यायचं ना."

चोर तो चोर, वर शिरजोर! प्रांजलीचा चेहरा उतरला. ती बिचारी दोनदा विचारून थकलेली, आन् ह्यो तिलाच अक्कल शिकवतोय. मपल्या डोक्यात काय झालं सांगता येत नाय. ओरडले नाय मी. उलट एकदम गार झाले. मेंढरात लांडगा शिरला की आरडून उपयोग नसतो, आदी त्याची वाट आडवायची असती.

मी म्हणलं, "बाबा, परत एकदा सांग, म्हातारी हाय, ध्यानात ऱ्हात नाय. हळद लागली की माल जुना व्हतो?"

"हो आजी."

"मग इकता येत नाय?"

"नाही येत."

"बरं," मी म्हणलं, आन् कंबरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली. पिशवी भरलेली होती, आयतवारी सातारला जाणार होते ना. मूठ भरली आन् समोर डबे रचले होते, मोबाइलचे, घड्याळांचे, कशाकशाचे, तिकडं हात वर केला. "नव्या दुकानाला देवाचा भंडारा नाय लावला तुमी, लई चुकलं. आज मपल्या हातानं लावते. येळकोट येळकोट..."

"आजी! आजी, थांबा!"

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. एक जण तर मागून म्हणला, "जय मल्हार!" मूठ वरच होती मपली. बोटांच्या फटीतून थोडी हळद काउंटरवर सांडली तर ऋतुराजनं ती रुमालानं अशी पुसली की बास.

"बदलून देतो," तो म्हणला. "बसा. पाणी घ्या."

"पाणी नको तुपलं. पाण्यासाठी नाय आले."

मग आतून एक यंत्र निघालं. गिऱ्हाइकाला दाखवायला काढून ठेवलेलं, डबी फुटलेली, म्हणून स्वस्त. करड्या रंगाचं, कोपऱ्याला बारीक ओरखडा. ह्यात कुठलंबी ॲप बसतं म्हणला. मी म्हणलं, "तुपलं म्हणणं ऱ्हाऊ दे. हातच्या कांकणाला आरसा कशाला? इथंच बसव." त्यानं बसवलं. प्रांजलीनं वाचनालयाचा नंबर टाकला, पुस्तक मागितलं. निळा पुठ्ठा काचेवर आला, करडा दिसत होता, पण तोच. "आता वाच," मी ऋतुराजला म्हणलं.

"मी?"

"तूच. चालतंय का नाय ते मला कानानं कळंल."

आन् त्यानं वाचलं बरं का, काउंटरमागं हुबं राहून, शाळेतल्यागत. "गोदूनं वल्हं उचललं तेव्हा नदीवर धुकं होतं." पयलीच ओळ ती पुस्तकाची. दीड सालानं तिचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते. डोळे भरले, पण त्याच्यापुढं पुसले नाय. मूठ परत पिशवीत सोडली आन् निघाले.

साईटीवर आलो तवा ऊन कलत होतं. ह्या खेपेला भंडारा दुरूनच दाखवला देवाला. प्रांजलीनं म्हाताऱ्याच्या हातात यंत्र दिलं. "मामंजी, बघा."

"दिसत नाय."

तिनं अक्षर मोठं केलं. "दिसत नाय." अजून मोठं. एका पानात चार शब्द बसंनात, अक्षर चण्याएवढं, मग बोराएवढं. शेवटी पानावर एकच शब्द उरला, कुणी गेटातून बी वाचला असता. म्हातारं मान खाली घालून म्हणलं, "नाय दिसत."

मला वाटलं, गेली नजर. समदं फुकट गेलं. राग कुणावर काढायचा तेच कळंना.

तेवढ्यात रस्त्याला खडीचा ट्रक आला. अजून गेटापाशी पोचला बी नव्हता. आत कोणची गाडी येतीय ते म्हातारं फोनवर साहेबाला सांगतं, तेच त्याचं काम. त्यानं बटनांचा फोन कानाला लावला आन् बसल्या जागेवरून, धुळीतून, सवयीनं बोललं, "साहेब, खडी आली. एम एच वीस..." आन् पुढचा समदा नंबर घडाघडा.

मी बघितलं. प्रांजलीनं बघितलं. म्हाताऱ्यानं फोन ठेवला आन् मग त्याच्या ध्यानात आलं.

"अवो," मी म्हणलं, "तो नंबर तुमाला खंडोबानं सांगितला का?"

म्हातारं फोनची बटनं चाचपत बसलं.

"दीड साल! दीड साल मला दिसत नाय, दिसत नाय! डाक्टर केला, चष्मा केला, वाचनालय केलं, दुकानात मूठ उगारून हुबी राह्यले मी! कामून? सांगा, कामून?"

"मला ठावं हाय, बाने," म्हातारं हळूच म्हणलं.

"काय ठावं हाय?"

"तिचं पुढं काय झालं ते."

पुस्तक परत द्यायला गेलं त्या दिवशी, म्हणे, वाटंत लिंबाखाली बसलं. मेंढरं नाय, काम नाय, घाई नाय. पान उघडलं आन् शेवटपर्यंत वाचून काढलं.

एकट्यानं. मपल्याबिगर.

आदी मला आवाजच फुटला नाय. मग असा फुटला की खडीच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून बघायला लागला. म्हणलं, "एकट्यानं खाल्लं व्हय हो! मपल्या मागं एकट्यानं! मेंढरं इकली तवा मी एक शब्द बोलले नाय, पत्र्यात ऱ्हायला आणलं तवा नाय बोलले, पण हे? ह्या एका गोष्टीत आपलं दोघांचं होतं समदं!"

म्हातारं म्हणलं, "तुला ते ऐकवायचं नव्हतं मला."

"ते तुमी ठरवणारे कोण? वाचा! आत्ताच्या आत्ता!"

प्रांजलीनं अक्षर परत बारीक केलं. म्हाताऱ्याला शेवटचं पान कुठं ते बरुबर ठावं होतं. चष्मा न लावताच वाचायला लागलं. आवाज घोगरा झालेला. पूल झाला. नावंत कुणी बसंना. गोदूनं नाव इकली, घेणाऱ्यानं फळ्या काढून हलवायाच्या भट्टीला घातल्या. पुलावाल्यांनी तिला कामाला ठेवली, गाड्या थांबवायला आन् सोडायला. शेवटच्या ओळीला म्हातारं अडकलं, मग वाचलं, "गोदू पुलाच्या तोंडाशी गळ्यात शिट्टी घालून बसली. खाली नदी वाहत होती. तिनं खाली पाहिलं नाही."

म्हाताऱ्याच्या छातीवर त्याची शिट्टी लोंबत होती. त्यानं ती हातानं झाकली.

"बास?" मी म्हणलं.

"बास. संपलं."

"तिच्यासंगं कोण होतं?"

"कुणी नाय."

"सांजच्याला भाकर कोण टाकत होतं तिला?"

"लिवलेलं नाय."

"नसंलच लिवलेलं!" मी त्याच्या पुढ्यात फतकल मारून बसले. "तिला कुणी नव्हतं वो! म्हणून ती तशी बसली. तुमाला मी हाय की! शिट्टी काय तुमच्या एकट्याच्या गळ्यात हाय? मेंढरं काय एकट्याची गेली? दीड साल लिंबाखालचं दुखणं एकट्यानं उराशी धरलं, आन् मी इथं बसून म्हणतेय म्हाताऱ्याचे डोळे गेले!" मला रडू आलं, आन् रडू आलं म्हणून अजून राग आला.

म्हाताऱ्याचा हात शिट्टीवरनं निघाला आन् मपल्या गुडघ्यावर आला. जड, खरखरीत हात. डोळ्याला पाणी होतं, दिसत होतं.

मी नाक पुसलं. "आन् मधलं कुठंय?"

"मधलं?"

"पुलाचं काम सुरू झालं, तिथनं एकदम नाव इकलीच का तिनं? मधी काय झालं? ती भांडली असंल की! मागं जा. जिथं सोडलं होतं तिथं."

म्हातारं बोटानं पानं मागं सारायला लागलं. मी उठून चूल पेटवली, पीठ काढलं. गेटावर टँकरवाला हॉर्न वाजवत होता, एकसारखा, कान किटंस्तोवर. म्हाताऱ्यानं सवयीनं शिट्टीला हात घातला.

"वाजू द्या," मी म्हणलं. "तुमी वाचा."